मैदानातल्या शनिवारसाठी ऍक्टिव्हिटींची लिस्ट मागताय, पण आधी सुतळी आणा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तिसरी-चौथी एकत्र, ३४ मुलं, तुम्ही एकट्या. आनंददायी शनिवार, म्हणजे तो दप्तराविना शाळेचा उपक्रम, म्हणून लागोपाठ दोन शनिवार मुलांना शाळेमागच्या माळावर नेलंत, कागदावर सहा ऍक्टिव्हिटी लिहून नेल्या होत्या, पंधराव्या मिनिटाला पोरं चारी दिशांना, एकाचं ढोपर फुटलं, आणि परत आल्यावर मुख्याध्यापक म्हणाले की यातून मुलं शिकली काय. आता तुम्हाला मुलं गुंतून राहतील अशा वीस-पंचवीस ऍक्टिव्हिटींची लिस्ट हवीय.

लिस्ट देत नाही, राग मानू नका. सहा होत्या तर पोरं माळभर पांगली, पंचवीस दिल्या तर तालुकाभर पांगतील. अडचण ऍक्टिव्हिटी कमी पडल्याची नाहीये. मुलांच्या डोक्यात बाहेर म्हणजे मधली सुट्टी असते, आणि ती सुट्टी कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं हे आपण त्यांना कळेल असं काही केलेलंच नसतं. एवढं एक धरून पुढचं वाचा.

मी २३ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पहिली १४ पाटणच्या डोंगरात दोन शिक्षकी शाळेत काढली, आता कराडच्या बाजूला. दुसऱ्याच वर्षी मोठ्या हौसेने ४१ मुलं घेऊन ओढ्याला गेले होते. माझ्याकडे आठ ऍक्टिव्हिटी होत्या, तुमच्यापेक्षा दोन जास्त. माघारी निघताना मोजली तर ४०. परत मोजली, तरी ४०. वीस मिनिटं ओढ्याच्या काठाने हाका मारत पळाले, ती वीस मिनिटं मला अजून आठवतात, पाय थरथरत होते. पोरगा घरी सापडला, चुलीपाशी भाकरी खात. येताना वाटेत त्याचं घर लागलं, त्याला भूक लागली होती, तो गेला. त्याच्या आईने मलाच चहा दिला. तेव्हा मी त्याला रागावले, नंतर विचार केला तर त्याचं काही चुकलं नव्हतं, त्याच्या हिशोबाने तो शाळेतून बाहेर पडला होता आणि शाळेतून बाहेर पडलं की घरी जायचं असतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, नाहीतर माझं बघून करायला जाल आणि फसाल. तुमच्या माळाला कुंपण आहे का, रस्ता किती जवळ आहे, विहीर-शेततळं आहे का, हे मला माहीत नाही. ३४ मुलांना एकटी बाई शाळेच्या आवारात सांभाळू शकते, आवाराबाहेर नाही, माझं तरी हे मत पक्कं आहे. आवाराबाहेर जायचं तर दुसरं मोठं माणूस हवंच, मग ती अंगणवाडीची मदतनीस असो, शाळा व्यवस्थापन समितीतली एखादी आई असो नाहीतर कोणाचे आजोबा. आजोबा सगळ्यात बेस्ट, त्यांना वेळ असतो आणि पोरं त्यांना घाबरतात पण. शहरातली शाळा असेल तर माळ नसेल, गच्ची असेल, पार्किंगच्या कडेची मातीची पट्टी असेल, तरी चालतं, खरंच चालतं. महिना पण बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, मार्चमध्ये नऊच्या आत आटपायचं, जून-जुलैला व्हरांड्यातून पाऊस बघायचा आणि पागोळ्यांखाली डबे ठेवून कुठला आधी भरतो ते मोजायचं, त्यात कमीपणा काही नाही.

आणखी एक, आपली गावातली मुलं आणि निसर्ग यांची ओळख करून द्यायला आपण लागत नाही. तिकडे डहाणूजवळ कोसबाडला बालशिक्षणातल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुलं शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शाळाच कुरणात गेली. ती पोरं आधीपासूनच बाहेर होती, त्यांना झाडं दाखवायला कोणी गेलं नव्हतं. आपल्याकडे पण तसंच आहे, माझ्या चौथीतल्या पोरांना रानातल्या वेलींची माझ्यापेक्षा जास्त नावं येतात. त्यामुळे "हे बघा मुलांनो, हा वड" असलं केलंत की पोरं कंटाळलीच म्हणून समजा. त्यांना माहिती नको असते, त्यांना कोडं हवं असतं.

आता मी करते कसं ते.

सगळ्या सूचना वर्गात, मैदानात एकही नाही. बाहेर गेल्यावर आवाज वाऱ्यावर जातो, मागच्या दहा जणांना ऐकूच येत नाही आणि ते आपापलं काहीतरी सुरू करतात, आणि आपण ओरडायला लागतो, आणि एकदा ओरडलं की दिवस गेला. म्हणून वर्गातच जोड्या लावायच्या, जोडीतल्या दोघांनी एकमेकांचं नाव लक्षात ठेवायचं, मोजताना मी मुलं मोजत नाही, जोड्या मोजते, तुमच्या ३४ मुलांच्या १७ जोड्या. जोडीदार दिसला नाही तर मला येऊन सांगायचं काम दुसऱ्याचं. वर्गातच काम सांगायचं, फळ्यावर एकच प्रश्न लिहायचा, आणि दोन-तीन मुलांकडून तो त्यांच्या शब्दांत वदवून घ्यायचा. बाहेर काही सांगायची वेळ आलीच तर उन्हाकडे तोंड करून आपण उभं राहायचं, मुलांच्या पाठीवर ऊन येऊ द्यायचं. साधी गोष्ट आहे पण मला हे कळायला तीन वर्षं लागली, मी मस्त सावलीत उभी राहायचे आणि मुलं डोळे बारीक करून माझ्याकडे बघायची.

परत बोलवायची खूण लागते. शिट्टी मी सोडून दिली, शिट्टी वाजली की त्यांना पी.टी. आठवते. आम्ही "चिमणी..." अशी लांब हाक देतो, ज्याला ऐकू येईल त्याने "भुर्र!" ओरडून पळत यायचं. भुर्रचा आवाज एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि शेवटचा पोरगा पण येतो. फक्त ही खूण वर्गातून निघाल्या निघाल्या दोनदा विनाकारण खेळून घ्यायची, म्हणजे नंतर कामाच्या मध्ये वापरली की सवय झालेली असते.

मग पहिली दहा मिनिटं पळू द्यायचं. खरं सांगते, तुमचे दोन्ही शनिवार इथेच बिघडले असणार. आठवडाभर बाकावर बसलेलं पोर मोकळ्यावर आलं आणि तुम्ही त्याला म्हणालात की शांत बसून पानाचं निरीक्षण कर, कसं करेल ते? लंगडी घ्या, साखळी घ्या, घामाघूम होऊ द्या. दम लागला की पोर आपोआप बसतं आणि बसलं की बघतं. हा वेळ वाया गेला असं वाटू देऊ नका.

त्यानंतर सुतळी. एका जोडीला ३ मीटर, दोन्ही टोकं बांधून गोल केलं की साधारण मीटरभर रुंदीचं रिंगण होतं. जोडीने आपलं रिंगण कुठेही टाकायचं, मी दाखवलेल्या चुन्याच्या रेघेच्या आत, आणि ते त्यांचं शेत. प्रश्न एकच, तुमच्या शेतात किती प्रकारचे रहिवासी आहेत? गवत पण रहिवासी धरायचं का, हे विचारतील. उत्तर देऊ नका, तुम्हीच ठरवा म्हणा. काय होतं बघा, जे पोर माळभर पळत होतं ते आता एका मीटरच्या बाहेर जायला तयार नसतं, कारण आता ते त्याचं आहे. माझ्याकडे एक अतिशय वांड मुलगा होता, वर्गात पाच मिनिटं एका जागी बसायचा नाही, तो धुळीतल्या एका उलट्या शंकूसारख्या खड्ड्याशी पंचवीस मिनिटं पालथा पडून होता. त्या खड्ड्यात मुंगी घसरली की तळातून कोणीतरी माती उडवून तिला खाली पाडतं, बघितलं असेल तुम्ही, वळचणीच्या कोरड्या मातीत असतात ते. त्याला पोरांनी खड्डेवाला नाव दिलं. तो पुढे उडणारा किडा होतो हे मी त्यांना दोन आठवडे सांगितलं नाही, त्यांचे अंदाज चालू होते ते चालू दिले.

सुतळीचं शेत मी वर्षात चार वेळा करते, तीच जागा, पावसानंतर, दिवाळीनंतर, संक्रांतीला आणि मार्चमध्ये. चौथ्यांदा पोरं स्वतःच म्हणतात, बाई आमच्या शेतातली माणसं गेली. नवीन ऍक्टिव्हिटीपेक्षा तीच पुन्हा केली तर जास्त शिकणं होतं, हे मी छातीठोक सांगते, फक्त आपल्याला शिक्षक म्हणून कंटाळा येतो, मुलांना येत नाही.

कोडं कसं असावं त्याचं एक उदाहरण देते. चिंचेची एक छोटी डहाळी प्रत्येक गटाला, पानं मोजा, बस एवढंच. एका गटाने सांगितलं १४, दुसऱ्याने सांगितलं तीनशेच्या वर. भांडण. तुम्ही दांडी मोजली, तुम्ही टिकल्या मोजल्या. मी गप्प. पाच-दहा मिनिटं तावातावाने चाललं, मग एक मुलगी, तिच्या वडिलांची छोटी नर्सरी आहे, ती म्हणाली की पप्पा गुलाबाला डोळा भरतात तो डोळा पानाच्या काखेतून काढतात, मग जिथे डोळा असेल तिथून एक पान धरायचं. मी अक्षरशः अवाक. कारण वनस्पतीशास्त्रातली खूण तीच आहे, पानाच्या बुडाशी खोडाला लागून कोंब, म्हणजे हाच डोळा, असतो, पर्णिकेच्या म्हणजे टिकलीच्या बुडाशी नसतो. मग सगळी फौज शाळेतल्या गुलाबाकडे. गुलाबाच्या एका दांडीवर पाच-सात टिकल्या आणि डोळा फक्त दांडीच्या काखेत, म्हणजे अख्खी दांडी मिळून एक पान. कडुनिंब, तसाच. शेवग्याचं तर हातभर लांबीचं एकच पान निघालं, त्यावर दिवसभर हशा. मी आधीच संयुक्त पान म्हणजे काय ते फळ्यावर लिहून दिलं असतं तर पाच मिनिटांत संपलं असतं आणि सोमवारी विसरले असते. चिंचेचे डोळे बारीक असतात, म्हणून सुरुवात भले चिंचेने करा पण निकाल गुलाबावर लावा.

दिवाळीनंतर गवत वाळलं की जुन्या स्वेटरचा तुकडा दोरीला बांधून गवतातून ओढत न्यायचा, काय काय चिकटलं ते कागदावर वेगळं करायचं, आघाडा, कुसळं, गोखरू. प्रश्न, हे आपल्याला का चिकटतात, त्यांना कुठे जायचंय? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. ताळ्याच्या खुणा, चित्रालेख सगळं यात बसतं.

सावलीचं करायचं असेल तर शनिवार उपयोगाचा नाही, सकाळची शाळा असते आणि खरी मजा दुपारी आहे. पूर्ण दिवसाच्या शाळेत मीटरभर काठी रोवा, सरळ आहे का ते गवंड्याच्या ओळंब्याने बघा, साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. पोरांना वाटतं बाराला सावली सगळ्यात लहान होणार. होत नाही. आपल्याकडे साताऱ्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या जरा पुढे आणि फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकच्या आसपास ती सगळ्यात लहान होते. घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण साधारण ७४ वर, एका अंशाला ४ मिनिटं धरली तर ३४ मिनिटं तिथेच गेली, बाकीचा फरक महिन्याप्रमाणे. हे चौथीला समजावू नका. बाराचा खडा आणि बारा-वीसचा खडा बघून "बाई घड्याळ चुकलंय" असं एखादा म्हणाला की काम झालं. एका मुलाने तर ऑफिसातलं घड्याळ पुढे आहे म्हणून शिपाईमामांकडे तक्रार केली होती.

आता जो भाग बहुतेक जण गाळतात तो. परत वर्गात या. पंचवीस मिनिटं बाहेर बघितलं असेल तर अर्धा तास आत येऊन बोला, तोवर हातपाय धुऊन पाणी पिऊन झालेलं असतं. कोणाला काय दिसलं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कशाचं उत्तर मिळालं नाही. तिसरीची मुलं चित्र काढतील, चौथीची दोन ओळी लिहितील, आणि एक सांगते, ज्यांना एरवी "माझी शाळा" वर चार ओळी लिहायला अर्धा तास लागतो ती पोरं खड्डेवाल्यावर पानभर लिहितात, शुद्धलेखन सोडून द्या त्या दिवशी. तर परिपाठ धरून सगळं मिळून दोन तास, उरलेला शनिवार नेहमीसारखा. पूर्ण दिवस बाहेर काढायचा असेल तर याच चकरा मधे विश्रांती घेऊन दोनदा करा, पण ते तुम्ही पुढच्या वर्षी करा, आत्ता नको.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात तडजोड नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी ती जागा स्वतः चालून या. काचा, लोंबती वायर, झाडावर मोहोळ, पिल्लं घातलेली कुत्री, एवढं बघायचंच. आमच्या भागात फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत म्हणून नियम असा की दगड कोणीही उचलायचा नाही, बाईंनी पण नाही, आणि बिळात काडी घालायची नाही. डोंगराकडच्या वाटांवर खाजकुयलीच्या शेंगा तयार झाल्या की ती वाट बंद. पायात चपला सगळ्यांच्या. कोणाला मधमाशीची ऍलर्जी, कोणाला दमा, कोणाला फिट्स, हे पालकसभेत विचारून वहीत लिहिलेलं पाहिजे, आठवणीवर नाही. १०८ आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर फोनमध्ये असतोच, पण तिथे रेंज येते का ते आदल्या दिवशीच बघा, माळावर बऱ्याचदा नसते. मुलींच्या लघवीची सोय कुठे ते पण ठरलेलं हवं, हे कोणी बोलत नाही आणि मग मुली पाणी पीत नाहीत. चालायला त्रास असलेलं मूल असेल तर चुन्याची रेघ त्याच्यापासून आखायला सुरुवात करायची, तो पोचेल तेवढंच आपलं मैदान.

मुख्याध्यापकांचा प्रश्न मात्र मला चुकीचा वाटत नाही. त्यांनी विचारायलाच पाहिजे, उद्या पालक त्यांनाच विचारणार आहेत. आमच्याकडे पण सुरुवातीला एक आजी गेटवर येऊन म्हणाल्या, खेळायचंच होतं तर आमच्या शेरडांमागे पाठवलं असतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, पुढच्या शनिवारी त्यांनाच बोलावलं, मुलांनी त्यांना विचारलं की शेरडं कुठला पाला खात नाहीत आणि का. आजी दीड तास हलल्या नाहीत, आणि आम्हाला आठ झाडं अशी कळली जी मला पण माहीत नव्हती. तर तुम्ही एक साधी वही घाला, माळाची वही. दर शनिवारी एक पान, त्यात त्या दिवशीचा प्रश्न, मुलांनी मोजलेलं, आणि खाली मुलांचे न सुटलेले प्रश्न जसेच्या तसे त्यांच्या भाषेत. मापन, माहितीचं वर्गीकरण, परिसर अभ्यास, लेखन, कुठल्या विषयाचं काय झालं ते समासात दोन शब्दांत. ही वही सोमवारी सरांच्या टेबलावर. आमच्या तेव्हाच्या सरांनी पहिल्या दोन वेळा नुसती सही केली, तिसऱ्या वेळी एका पोराचा प्रश्न होता की उंबराला फुलं न येता फळं कशी येतात, तर सर वही घेऊन माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, मग याचं काय सांगितलंत? मी म्हटलं अजून काही नाही सांगितलं, ब्लेड घेऊन कच्चं उंबर उभं कापायचंय शनिवारी, या तुम्ही. आले.

तर या शनिवारी फक्त पळणं, सुतळीचं शेत, आणि आत येऊन बोलणं. शाळेच्या आवारातच, माळ पुढच्या महिन्यात. पहिल्या वेळी थोडा गोंधळ होईल, दोन जोड्या एकमेकांच्या शेतात अतिक्रमण करतील, एखादी जोडी काहीच दिसत नाही म्हणून रडत येईल, तिला रिंगण झाडाच्या बुंध्याशी टाकायला सांगा. १७ जोड्यांना ५१ मीटर सुतळी लागेल, गाठींना धरून ५५ घ्या. नायलॉनची दोरी नको, ती वळलेलीच राहते आणि जमिनीला बसत नाही. आणि गाठी शुक्रवारीच मारून ठेवा, मैदानात १७ गाठी मारत बसलात तर तोवर चिमण्या केव्हाच भुर्र झालेल्या असतील.